भाराखालची रेष

वाहनाचे इंजिन बदलायचे ठरले की घरातला, शेजारचा आणि गॅरेजमधला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो: नवे इंजिन किती हॉर्सपॉवरचे? हा प्रश्न गैर नाही, पण तो सर्वांत सोपा आहे, कारण त्याचे उत्तर इंजिनावर चिकटवलेल्या पट्टीवर छापलेले असते. तेच इंजिन किती उंचीवर, कोणत्या कोनात, कशाच्या आधाराने आणि शेजारच्या दांड्यापासून नेमके किती अंतरावर बसायचे आहे, हे मात्र त्या पट्टीवर नसते. चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या, आंब्याच्या बागेत एका जुन्या गोल्फ कार्टला दुसरे इंजिन बसवताना आमचा बहुतेक वेळ या न छापलेल्या गोष्टींवर गेला. ताकदीचा प्रश्न दुकानात अर्ध्या तासात मिटला होता.

आमच्या पंचक्रोशीत गोल्फ खेळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तरीही दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर गोल्फ कार्ट अधूनमधून दिसतात, त्या समुद्राकाठच्या हॉटेलांमुळे. पाहुण्यांना फाटकापासून खोलीपर्यंत आणि खोलीपासून वाळूपर्यंत नेण्याचे काम त्या करतात. आताच्या बहुतेक कार्ट बॅटरीवर चालतात. ही मात्र पेट्रोलवरची, वापरलेल्या अवस्थेत परदेशातून आलेली होती. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावरून आत शिरले तेव्हा दापोली आणि मंडणगडचीही दाणादाण उडाली. ज्या हॉटेलाच्या पडवीत ही कार्ट उभी होती तिचे पत्रे उडाले आणि नंतर ते हॉटेल पुन्हा उघडलेच नाही. पुढचे काही पावसाळे कार्टने उघड्यावर काढले. दादाने ती भंगाराच्या भावात घेतली तेव्हा चौकट शाबूत होती, मागचा अॅक्सल हाताने फिरत होता, आणि इंजिनाचे दोन्ही पिस्टन सिलिंडरला गंजाने धरून बसले होते. खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या यंत्राचे दुसरे काही होत नाही.

ती घेण्यामागे हौस नव्हती. दादाची वरची बाग सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर आहे. तिथे जाणारी वाट जांभ्या दगडाच्या दोन गडग्यांमधून, म्हणजे कुंपणाच्या भिंतींमधून, वळत जाते, आणि पिकअप टेम्पो पहिल्या वळणापर्यंतच पोचतो. हंगामात तोडलेला आंबा तिथून क्रेटमध्ये भरून डोक्यावरून खाली आणावा लागे आणि हल्ली त्यासाठी माणसे मिळत नाहीत. शिवाय काकू. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून तिने वरची कलमे पाहिली नव्हती, आणि मोहोर कसा आहे हे राखण्याच्या तोंडून ऐकण्यावर तिचा विश्वास नव्हता. त्या वळणातून जाईल इतकी अरुंद, चार क्रेट आणि एक म्हातारी माणूस नेईल इतकी दणकट, आणि चालवायला क्लच-गिअरची कटकट नसलेली गाडी म्हणून कार्टच योग्य होती.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, की ही गाडी ज्यांनी आखली त्यांच्यापुढे जांभा नव्हता. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले ऑगस्टा हे गाव गोल्फसाठी जगप्रसिद्ध आहे, आणि ईझी-गो ही कार्ट बनवणारी कंपनी 1954 साली तिथेच सुरू झाली. क्लब कार ही दुसरी मोठी कंपनीही पुढे टेक्सासमधून तिथेच आली. त्यांच्यापुढे होती ती कापलेली हिरवळ. म्हणून कार्टची चाके रुंद आणि कमी हवेची, म्हणजे गवतावर व्रण उठू नये. वेग ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या आसपास, आणि इंजिन आसनाखालच्या खोक्यात दडवलेले, म्हणजे खेळणाऱ्याच्या एकाग्रतेला आवाजाचा त्रास होऊ नये. आपण तीच गाडी कातळाच्या चढावर न्यायची ठरवतो तेव्हा ताकदीपेक्षा आधी या खोक्याशी आपली गाठ पडते.

जुन्या इंजिनाचे सुटे भाग शोधण्यात अर्थ नव्हता. ते ज्या जपानी घराण्यातले होते त्यांनी 2017 सालीच छोट्या इंजिनांचे काम थांबवले आहे. नवे म्हणून आम्ही होंडाचे जीएक्स 390 निवडले. ही जीएक्स मालिका 1983 पासून जगभर पाण्याचे पंप, जनित्रे आणि काँक्रीट मिक्सर चालवत आली आहे, त्यामुळे तिचा कार्बोरेटर उघडू शकणारा माणूस दापोलीतही सापडतो, आणि माझ्या लेखी कोणत्याही आकड्यापेक्षा ही पात्रता मोठी आहे. एकच सिलिंडर, 389 सीसी, मिनिटाला 3600 फेऱ्यांना 11.7 हॉर्सपॉवर, आणि 2500 फेऱ्यांना 26.4 न्यूटन-मीटरचा पीळ, म्हणजे टॉर्क. सिलिंडर उभा नसून 25 अंशांनी कललेला आहे, म्हणून इंजिन बुटके राहते आणि आसनाखाली मावते. दांडा ज्या दिशेने फिरतो ती जुन्या इंजिनाच्या दिशेशी जुळते हे आधी पाहून घेतले होते. ती जुळली नसती तर पुढचे सगळे व्यर्थ होते, कारण कार्टने पुढचा गिअर टाकून मागे जायला सुरुवात केली असती.

इंजिन बसवण्यासाठी दादाने हर्णैच्या मिस्त्रींना बोलावले तेव्हा मी थोडा साशंक होतो. त्यांचे आयुष्य मासेमारीच्या बोटींवर गेलेले. जून-जुलैच्या बंदीत बोटी वर ओढल्या की डिझेल इंजिने खोलायची, शाफ्ट काढायचा, पंखा तपासायचा आणि नारळी पौर्णिमेच्या आधी सगळे परत जोडून द्यायचे, हा त्यांचा व्यवसाय. कार्टसारखी गाडी त्यांनी पूर्वी उघडलेली नव्हती. मी मात्र तंत्रशाळेत वर्षानुवर्षे यंत्ररेखन शिकवलेला माणूस, त्यामुळे कागदावरचे माझे पारडे जड होते. पण बोटीचे इंजिन बसवणारा माणूस मुळात एकच गोष्ट करत असतो: दोन वेगवेगळे दांडे एका रेषेत आणणे. कार्टमध्येही करायचे होते ते याच जातीचे काम, फक्त इथे दांडे टोकाला टोक न लागता शेजारी शेजारी होते आणि त्यांच्यामध्ये बेल्ट होता.

मिस्त्रींनी पहिली गोष्ट केली ती अशी, की जुने इंजिन काढू दिले नाही. मांगराच्या तुळईला चेन ब्लॉक टांगून आम्ही तयार होतो. ते म्हणाले, "घाई नको सर. हे गेलं की माप विचारायला कोण उरणार?" खरेच होते. त्या कार्टचा नकाशा आमच्याकडे नव्हता, आणि बंद पडलेले का असेना, ते इंजिन कारखान्याने ठरवलेल्या जागी अजून बसलेले होते. इंजिनाच्या दांड्याचे केंद्र आणि अॅक्सलवरच्या क्लचचे केंद्र यांतले अंतर, दोन्ही क्लचच्या स्थिर चकत्यांमधला आडवा फरक, चौकटीच्या तळापासून दांड्याची उंची, हे सगळे त्या मृत यंत्राकडूनच घ्यायचे होते. मी ते कागदावर उतरवले आणि मग त्यावरून प्लायवुडचा एक सांगाडा केला: नव्या इंजिनाच्या तळाची चार भोके, त्याच्या दांड्याच्या जागी तेवढ्याच व्यासाची नळी. एकतीस किलोच्या आसपासचे इंजिन दहा वेळा उचलून ठेवण्यापेक्षा लाकडाचा सांगाडा सरकवणे पाठीला सोसते.

इथे बेल्टची रचना सांगायला हवी, नाहीतर पुढची तक्रार कळणार नाही. 1984 साली आलेली कायनेटिक होंडा ज्यांनी चालवली आहे त्यांना ही रचना हाताने माहीत आहे, डोळ्यांनी नसेल. इंजिनाच्या दांड्यावर एक क्लच असतो, तो दोन तिरप्या चकत्यांचा बनलेला असतो. इंजिन मंद चालत असताना चकत्या एकमेकींपासून लांब असतात आणि बेल्ट त्यांच्यामध्ये सैल पडून राहतो. फेऱ्या वाढल्या की आतली वजने बाहेर फेकली जातात, सरकती चकती आत ढकलली जाते आणि बेल्ट चकत्यांच्या उतारावरून वर चढतो. बेल्टची लांबी बदलत नसल्यामुळे अॅक्सलवरच्या दुसऱ्या क्लचच्या चकत्या स्प्रिंगला न जुमानता उघडतात आणि तिथे बेल्ट खाली उतरतो. गिअर न बदलता गिअर बदलल्याचा परिणाम साधतो तो असा. यातली खरी चतुराई अशी, की एका क्लचची स्थिर चकती आतल्या बाजूला असते आणि दुसऱ्याची बाहेरच्या. त्यामुळे बेल्ट वर-खाली होताना आडवाही सरकतो, पण दोन्हीकडे एकाच दिशेला सरकतो आणि जवळजवळ सरळ राहतो. हे 'जवळजवळ' जपण्यासाठी दोन क्लचमधला आडवा फरक ठरावीक असावा लागतो. तो चुकला तर बेल्ट कडेने घासून काळी भुकटी टाकू लागतो. केंद्रांमधले अंतर जास्त झाले तर बेल्ट कधीच पूर्ण सैल होत नाही आणि इंजिन सुरू करताच गाडी सरपटू लागते. कमी झाले तर चढाच्या सुरुवातीला बेल्ट घसरतो आणि जळका वास येतो.

नव्या इंजिनाचा दांडा सरळ, एक इंचाचा, म्हणजे 25.4 मिलिमीटरचा. जुना क्लच निमुळत्या दांड्यावर बसणारा होता, म्हणून सरळ भोकाचा क्लच अमेरिकेतून येणाऱ्या एका नातेवाइकाकरवी मागवावा लागला. विमानतळावर त्या लोखंडी वस्तूने त्याला बराच मनस्ताप दिला असे कळले. क्लचच्या मागे बसणारी बुश, म्हणजे दांड्यावरचे कडे, लोट्याच्या एमआयडीसीतल्या लेथवर कातून घेतली, आणि ती मुद्दाम थोडी जाड ठेवली, कारण जाडीतून कातून काढता येते, घालता येत नाही. इंजिनाखाली पोलादी पाट आला. त्याला गोल भोके न पाडता लांबट खाचा पाडल्या, म्हणजे इंजिन पुढे-मागे सरकवता येईल.

उभ्या गाडीत सगळे सुंदर जुळले. मी पोलादी पट्टी दोन्ही क्लचना लावली, अंतर मोजले, कागदाशी ताडले. चहा मागवण्याच्या बेतात होतो. मिस्त्री पाटाकडे बघत उकिडवे बसून राहिले आणि मग त्यांनी बोटीची गोष्ट काढली.

लाकडी बोट किनाऱ्यावर ओढून टेकू लावून उभी केली की तिचे वजन तळाच्या कण्याखालच्या काही ओंडक्यांवर येते. पाण्यात गेली की तेच वजन साऱ्या तळावर पसरते, सुकलेली फळी पाणी पिऊन फुगते, आणि बोट आपला आकार किंचित बदलते. तो बदल डोळ्यांना दिसत नाही, पण इंजिनाच्या आणि शाफ्टच्या कपलिंगला, म्हणजे दोघांच्या जोडाला, तो कळतो. चार इंचांच्या कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये एका कडेला आणि समोरच्या कडेला मिळून एक दशांश मिलिमीटरपेक्षा अधिक फट असू नये असा नियम आहे. किनाऱ्यावर अगदी चोख बसवलेले कपलिंग बोट तरंगू लागल्यावर या मर्यादेच्या बाहेर जाते, आणि तसेच चालवले तर शाफ्टभोवती पाणी अडवणारा ग्लँड गळू लागतो, बेअरिंग तापते, आणि खोल पाण्यात तांडेलाच्या तोंडून मिस्त्रीचा उद्धार होतो. म्हणून बोट पाण्यात उतरवल्यावर, डिझेलची टाकी भरल्यावर, बोल्ट पुन्हा सैल करून फिलर गेजने फट पुन्हा पाहतात. "वर बघितलेलं माप वरच्यापुरतं," मिस्त्री म्हणाले. "ही गाडी अजून पाण्यात गेलीच नाही."

माझ्या यंत्ररेखनात ही गोष्ट नव्हती. रेखनात प्रत्येक भाग आपल्या जागी निश्चल असतो आणि आपण त्यावर मापे लिहितो. भाराचे गणित आपण वेगळ्या तासाला शिकवतो. ते गणित मी त्या संध्याकाळी मांडले तेव्हा मिस्त्रींची काळजी अंकांत दिसू लागली. इंजिनाचा पीळ 26.4 न्यूटन-मीटर. गाडी निघताना बेल्ट इंजिनावरच्या क्लचमध्ये केंद्रापासून सुमारे चार सेंटिमीटरवर असतो असे धरले, तर बेल्टच्या ताणलेल्या आणि सैल बाजूंमधला फरक 660 न्यूटन निघतो, म्हणजे 60-70 किलो वजनाइतका. दोन्ही बाजू मिळून इंजिनाला अॅक्सलकडे ओढतात तो जोर त्याहूनही मोठा. ज्या यंत्राचे स्वतःचे वजन एकतीस किलो आहे त्याला त्याच्या दुपटीहून अधिक जोराने एका बाजूला खेचले जाणार होते, आणि आम्ही माप घेत होतो ते त्याला कोणीही हात लावत नसताना.

मग आम्ही कार्ट पाण्यात घातली. गाडीच्या मागच्या फळीवर क्रेट ठेवून त्यांत जांभ्याचे चिरे भरले, गाडीचे नाक गडग्याला टेकवले, आसनाचे खोके उघडे ठेवले, आणि बेल्टसमोर तिकाटण्यावर मोबाइल लावून चित्रण सुरू केले. गाडीच्या पुढे, मागे किंवा बेल्टच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही असा दंडक घातला. दादाने पेडल दाबले, तेही दोन-तीन सेकंदच, कारण याहून जास्त वेळ अडलेल्या गाडीत बेल्ट एकाच जागी घासून जळतो. चित्रण सावकाश फिरवून पाहिले तेव्हा इंजिनाचे सबंध धूड अॅक्सलकडे झुकताना स्पष्ट दिसले. बोल्ट घट्ट होते. वाकत होता तो इंजिनाखालचा पाट. पुढच्या कडेपेक्षा मागची कड जास्त दबत होती, त्यामुळे इंजिन नुसते सरकत नव्हते, ते तिरके होत होते, आणि दोन क्लचमधली रेष अर्ध्या सुताहून (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त तुटत होती. भार सुटला की सगळे मूळ जागी, जणू काही झालेच नाही.

पुण्यात कारखान्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने फोनवर वेगळीच सूचना केली. एका सिलिंडरचे इंजिन दोन सिलिंडरच्या जागी आले की हादरे वाढणार, तेव्हा इंजिनाच्या चार पायांखाली मऊ रबर घालावे, असे त्याचे म्हणणे. हादऱ्यांचे त्याचे निदान बरोबर होते. चार स्ट्रोकचे एक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा पेटते. 1400 फेऱ्यांच्या मंद चालीत हे सेकंदाला बारा धक्के होतात आणि 3600 फेऱ्यांना तीस. पण रबर कुठे घालायचे याबाबत मिस्त्री ठाम होते, आणि मला वाटते कार्टच्या मूळ रचनाकारांनीही त्यांचीच बाजू घेतली असती. अशा कार्टमध्ये इंजिन आणि मागचा अॅक्सल एकाच लोखंडी पाळण्यात जखडलेले असतात. चाक खड्ड्यात गेले की इंजिनही अॅक्सलबरोबर हलते आणि दोघांमधले अंतर कायम राहते. हादरे प्रवाशांपर्यंत पोचू नयेत म्हणून रबर असते ते या पाळण्यात आणि गाडीच्या चौकटीत. इंजिनाच्या पायाखाली रबर घातले असते तर ज्या दोन दांड्यांना एकत्र ठेवायचे त्यांच्याच मध्ये आम्ही मऊपणा आणला असता. मऊपणा हवाच, पण तो या जोडीच्या बाहेर. पुतण्याने हे ऐकून घेतले, थोडा वाद घातला, आणि शेवटी चित्रण पाठवायला सांगितले.

पाट बदलला. आधीचा पाच मिलिमीटरचा होता, त्या जागी दहाचा घेतला आणि त्याच्या पोटाला अॅक्सलच्या दिशेने दोन उभ्या पट्ट्या वेल्ड केल्या. हा बदल कसा काम करतो हे समजून घेण्याजोगे आहे: जाडी दुप्पट केली की सपाट पत्र्याची वाकण्याला होणारी अटक दुप्पट होत नाही, आठ पट होते, आणि उभ्या पट्टीने ती आणखी वाढते. वेल्डिंगच्या तापाने पाटाला पीळ बसतो म्हणून मिस्त्रींनी टाके एकसलग न घेता आलटूनपालटून घेतले आणि पाट थंड होईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. पाळण्याच्या पुढच्या टोकाचे मूळ रबर खाऱ्या हवेने तडकले होते. त्याच्या जागी कमांडर जीपच्या इंजिनाचे माउंटिंग बसवले. दुकानदाराने तीन प्रकारचे पुढ्यात टाकले, मिस्त्रींनी नखाने दाबून मधले निवडले. यामागे सूत्र आहे आणि ते पुस्तकात मिळते: धक्क्यांची गती आधाराच्या स्वतःच्या डोलण्याच्या गतीपेक्षा साधारण दीडपट होईपर्यंत रबर हादरा कमी करत नाही, उलट वाढवते. म्हणून रबर फार कठीण घेतले तर मंद चालीतच आसन थरथरते. फार मऊ घेतले तर पाळणा चढावर नाक वर करतो. नखाला हे सूत्र ठाऊक असते की नाही हा प्रश्न मी मिस्त्रींना विचारला नाही.

पुन्हा चिरे, पुन्हा गडगा, पुन्हा चित्रण. या खेपेस इंजिन हलले ते पाळण्यासकट, आणि क्लचमधली रेष जागेवर राहिली. उरलेला किंचित झुकाव होता तो मिस्त्रींनी खाचांमध्ये इंजिन अॅक्सलपासून तेवढेच लांब सरकवून भरून काढला. म्हणजे उभ्या गाडीत आता माप माझ्या कागदाशी जुळत नाही. ते चिरे भरल्यावर जुळते. हे त्यांनी इतक्या सहजपणे केले, की कागद हातात घेऊन उभ्या असलेल्या मला ते पचवायला थोडा वेळ लागला.

बाकीची कामे भराभर झाली, पण त्यांतले एक सांगण्यासारखे आहे. कार्टच्या अॅक्सलमध्ये वेग रोखणारा गव्हर्नर असतो, आणि जीएक्स इंजिनात फेऱ्या रोखणारा त्याचा स्वतःचा. एका घरात दोन कारभारी. गावातल्या हौशी मुलांचा सल्ला असा, की इंजिनाचा गव्हर्नर काढून टाकावा, गाडी पळते. पळते हे खरे, पण या इंजिनाचे फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड ज्या फेऱ्यांसाठी घडवलेले असतात त्या मर्यादेपलीकडे ते फुटू शकतात, आणि फुटले तर आसनाच्या अगदी खाली फुटतात. आम्ही इंजिनाचा गव्हर्नर ठेवला आणि पेडलची तार त्याच्या स्प्रिंगच्या खटक्याला जोडली. आता पेडल थेट कार्बोरेटरची झडप उघडत नाही. ते इंजिनाला किती फेऱ्यांवर राहायचे तेवढे सांगते, आणि चढ लागला की गव्हर्नर स्वतःहून पेट्रोल वाढवतो. काकूला घेऊन जाणाऱ्या गाडीला हीच रीत शोभते. मंद चालीच्या फेऱ्या ठरवताना मात्र कसरत झाली, कारण जास्त ठेवल्या तर क्लच पकडू लागतो आणि गाडी सरपटते, कमी ठेवल्या तर आसन डुलते.

या इंजिनावर मुळात टाकी वर असते आणि पेट्रोल आपोआप उतरते. कार्टची टाकी खाली असल्याने क्रँककेसच्या स्पंदनावर चालणारा छोटा पंप लावावा लागला. सायलेन्सरचे तोंड टाकीपासून दूर, चाकामागे वळवले. खोक्याला दोन्ही बाजूंनी जाळी पाडली, कारण हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला कोंडून ठेवणे म्हणजे एप्रिलमध्ये त्याचा जीव घेणे. आत तेल पंपाने नव्हे तर शिंतोड्यांनी पोचते, म्हणून 20 अंशांपेक्षा जास्त कल त्याला चालत नाही. बागेच्या वाटेवरचा सर्वांत उभा टप्पा मी पातळीने मोजून घेतला, तो त्याच्या पुष्कळ आत निघाला. प्रत्येक बोल्टला ग्रीस लावले. अॅल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट कोरडा घातला आणि त्याला समुद्राची हवा मिळाली, की पुढच्या माणसाला तो छिन्नीनेच काढावा लागतो.

बॅटरीची कार्ट का केली नाही, असे अनेकांनी विचारले, आणि त्यांत पुतण्याही होता. सपाट हॉटेलात मी तिचाच आग्रह धरला असता, कारण तिथे ती शांत आहे, स्वस्त चालते आणि हा सगळा रेषेचा उद्योगच करावा लागत नाही. पण निसर्ग वादळानंतर आमच्याकडे वीज किती आठवडे नव्हती हे दादा विसरलेला नाही. शिवाय सहा जड बॅटऱ्यांचे वजन चढावर वाहून नेण्यापेक्षा त्याला तेवढ्या वजनाचा आंबा खाली आणायचा आहे. गाडी बागेच्या कुंपणाबाहेर जात नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतून केवळ बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेली वाहने वगळलेली आहेत, आणि आमच्या आवाराला फाटक आहे. खालच्या रस्त्यावर ती काढण्याचा मोह पाहुण्यांना होतो, त्यांना दादा किल्ली देत नाही.

हंगाम पार पडला. काकू मोहोरात एकदा आणि तोडणीला एकदा वर जाऊन आली आणि दोन्ही वेळा राखण्याला ऐकवून आली. हंगाम संपल्यावर मिस्त्रींनी खोके उघडले तेव्हा बेल्टच्या दोन्ही कडा सारख्या झिजल्या होत्या आणि काळी भुकटी नावापुरती होती. जीपचे रबर मात्र बसले आहे, थोडे दबले आहे. नवे रबर पहिल्या वर्षी दबतेच. पाळण्याचे नाक त्यामुळे किंचित खाली आले आहे, तेव्हा पावसानंतर चिरे भरून पुन्हा मोजायचे ठरले आहे, आणि पाटाच्या खाचांमध्ये त्यासाठी अजून सुतभर जागा शिल्लक आहे.